सबवूफर नेमका कुठे ठेवायचा? उत्तर देऊन गेलेल्या लॉर्ड रॅले यांची गोष्ट



मागच्या दिवाळीला बोनस हातात आला आणि मी घरी होम थिएटर आणलं. बाबांना जुनी नाट्यगीतं आवडतात. त्यातही तबल्याचा डग्गा घुमायला लागला की त्यांची मान आपोआप डोलते. सबवूफर टीव्हीशेजारी ठेवला, वायरी जोडल्या, गाणं लावलं. बाबा सोफ्यावर बसून ऐकत होते, पण चेहरा काही खुलेना. म्हणाले, डग्गा ऐकूच येत नाही. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून विचारलं की फळीवरची भांडी का थरथरतायत. मी आवाज वाढवला. बाबांना तरीही डग्गा मिळाला नाही, पण खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून वर आले. त्यांच्या घरी तीन महिन्यांचं बाळ आहे.

मला वाटलं, सबवूफर छोटा पडतोय, मोठा घ्यावा लागणार. ईएमआयचा हिशोबही करून झाला. ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला की नवीन काही घेऊ नकोस. आहे तोच सबवूफर उचलून बाबांच्या जागी सोफ्यावर ठेव, आणि तू जमिनीवर रांगत खोलीभर फिर. जिथे डग्गा नीट ऐकू येईल तिथे सबवूफर ठेव. मला वाटलं, चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. ही युक्ती का चालते हे शोधायला बसलो आणि एका माणसाच्या आयुष्यात शिरलो. हा माणूस १९१९ साली वारला. होम थिएटर नावाची वस्तू त्याने कधी पाहिली नाही. पण सबवूफर कुठे ठेवायचा, याचं जवळजवळ सगळं उत्तर तो आधीच लिहून गेला होता. त्यांचं नाव जॉन विल्यम स्ट्रट. जगाला ते माहीत आहेत लॉर्ड रॅले म्हणून.

शाळा न झेपलेला मुलगा

जॉनचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात झाला. घराणं जमीनदारांचं. वडील दुसरे बॅरन रॅले. टर्लिंग गावात मोठा वाडा, भोवती हजारो एकर जमीन. घरात सगळं होतं, फक्त मुलाची तब्येत धड नव्हती. ईटन आणि हॅरो या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या शाळा. दोन्हीकडे त्याला घातलं आणि दोन्हीकडून आजारपणामुळे थोड्याच दिवसांत काढावं लागलं. शेवटी टॉर्की या समुद्रकाठच्या गावातल्या एका छोट्या शाळेत चार वर्षं काढून त्याने शिक्षण पुरं केलं.

१८६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. तिथे एडवर्ड राउथ नावाचे गणिताचे जबरदस्त शिक्षक होते, त्यांच्या हाताखाली तो तयार झाला. १८६५ च्या गणिताच्या परीक्षेत तो पहिला आला, म्हणजे सीनियर रँग्लर झाला. हा शब्द आपल्याला नवीन नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे रँग्लर परांजपे १८९९ मध्ये याच परीक्षेत सीनियर रँग्लर झाले होते. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. म्हणजे ज्या यादीच्या डोक्यावर परांजप्यांचं नाव लागलं, तिच्याच डोक्यावर ३४ वर्षांपूर्वी रॅले यांचं नाव होतं.

त्या काळी अशा घरच्या थोरल्या मुलाने इस्टेट सांभाळावी, राजकारणात पडावं, अशी साधारण अपेक्षा असायची. हे महाशय १८६८ मध्ये अमेरिकेचा दौरा करून आले आणि त्यांनी प्रयोगाची उपकरणं विकत घ्यायला सुरुवात केली. घरीच प्रयोगशाळा मांडली. पुढे आयुष्यभर त्यांचं बरंचसं काम टर्लिंगच्या वाड्यातच झालं, तेही साध्यासुध्या, हाताने जोडलेल्या साहित्यावर.

आवाजाकडे ते वळले ते हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं संगीत आणि श्रवणावरचं पुस्तक वाचून. ते वाचता यावं म्हणून जर्मन शिकले. मग १८७० च्या सुमारास त्यांनी अनुनादावर काम केलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर घुमतो, तो अनुनाद. तुमच्या सबवूफरच्या खोक्याला मागे किंवा बाजूला एक गोल भोक असेल तर ते याच तत्त्वावर चालतं. आतली हवा बाटलीसारखी ठरावीक खालच्या सुराला घुमते आणि छोट्या स्पीकरला मदत करते.

१८७१ मध्ये त्यांच्या दोन गोष्टी झाल्या. आकाश निळं का दिसतं याचं गणित त्यांनी मांडलं. हवेतले अगदी सूक्ष्म कण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात, म्हणून. आणि त्याच वर्षी एव्हलिन बाल्फोर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. एव्हलिनचा भाऊ आर्थर पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

नाईल नदीवर सुरू झालेलं पुस्तक

लग्नाला वर्ष होत नाही तोच रॅले यांना ऱ्हुमॅटिक फिव्हर झाला. हा ताप सांध्यांना धरतो आणि हृदयालाही इजा करू शकतो. त्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती. ते वाचतील की नाही अशी वेळ आली. तिशीही पुरी झाली नव्हती. त्यातून कसेबसे उठले, पण इंग्लंडचा हिवाळा झेपणार नव्हता. म्हणून १८७२ च्या शेवटी नवरा-बायको इजिप्तला गेले आणि नाईल नदीवर एका हाउसबोटीत राहिले.

आजारातून उठलेला माणूस, खाली संथ नदी, हाताशी मोठं ग्रंथालय नाही. अशा जागी त्यांनी ध्वनीवरचा आपला ग्रंथ लिहायला घेतला. त्याचं नाव द थिअरी ऑफ साउंड. पहिला खंड १८७७ मध्ये आला, दुसरा १८७८ मध्ये. आजही स्पीकर बनवणारे आणि सभागृहांचं ध्वनिशास्त्र शिकणारे इंजिनिअर त्या पुस्तकापर्यंत कधी ना कधी पोहोचतातच.

मधल्या काळात, १८७३ मध्ये, वडील गेले. जॉन तिसरे बॅरन रॅले झाले आणि सुमारे ७,००० एकर जमिनीचा कारभार अंगावर आला. तीन वर्षं त्यांनी तो पाहिला. मग १८७६ मध्ये सगळा कारभार धाकट्या भावाकडे सोपवला आणि स्वतः प्रयोगशाळेत परतले.

परातीतलं पाणी आणि खोलीतला आवाज

आता त्या ग्रंथातल्या दोन गोष्टी बघू, कारण आपला सबवूफर तिथेच अडकलाय.

पहिली गोष्ट: प्रत्येक खोलीचे स्वतःचे सूर असतात. एक परात घ्या, पाणी भरा आणि हळूच पुढे-मागे हलवा. एका ठरावीक लयीत हलवलं की पाणी जोरात हिंदकळतं. कडांना पाणी खूप वर-खाली होतं आणि बरोबर मध्ये एक रेघ अशी असते जिथे ते जवळजवळ हलतच नाही. खोलीतल्या हवेचंही तसंच होतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज आपटून परत येतो आणि ठरावीक सुरांना हवेचा दाब असाच हिंदकळतो. भिंतींपाशी बेस दणदणीत, मधल्या रेघेवर जवळजवळ गायब. याला स्थिर लहर म्हणतात.

चौकोनी खोलीत असे कोणकोणते सूर घुमतील, याचं सूत्र रॅले यांच्या दुसऱ्या खंडात आहे. दोन भिंतींपुरता त्याचा सोपा भाग असा: ध्वनीचा वेग भागिले त्या भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. मग त्याच्या दुप्पट, तिप्पट सुरांनाही खोली घुमते.

आमच्या हॉलचंच गणित करू. लांबी १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. म्हणजे पहिला सूर येतो सुमारे ३८ हर्ट्झ, दुसरा सुमारे ७५ हर्ट्झ. रुंदी १० फूट, तिचा पहिला सूर सुमारे ५७ हर्ट्झ. आणि उंचीही १० फूटच, म्हणजे तिचाही ५७! दोन सूर एकाच जागी आले की तिथे बेस नुसता भोंगा होतो. घर चौरस किंवा घनासारखं असेल तर हा त्रास जास्त.

आता बाबांचा डग्गा कुठे गेला ते बघा. ७५ हर्ट्झच्या लहरीच्या शांत रेघा दोन असतात, खोलीच्या पाव लांबीवर आणि पाऊण लांबीवर. १५ फुटांचे पाऊण म्हणजे सव्वाअकरा फूट. आमचा सोफा टीव्हीच्या भिंतीपासून ११ फुटांवर. म्हणजे बाबा नेमके शांत रेघेवर बसले होते! आणि स्वयंपाकघराचं दार आहे मागच्या भिंतीत, जिथे दाब सगळ्यात जास्त. म्हणून भांडी थरथरत होती. सबवूफर बिचारा आपलं काम करत होता. मी मोठा आणला असता तर आईच्या फळीवरून डबे पडले असते आणि बाबांना तरीही डग्गा मिळाला नसता.

रिक्षाचा आरसा

दुसरी गोष्ट आणखी भारी आहे. रिक्षात मागे बसल्यावर पुढच्या आरशात तुम्हाला रिक्षावाल्या काकांचे डोळे दिसले, तर त्यांनाही तुमचे डोळे दिसत असतात. प्रकाश ज्या वाटेने तिकडून इकडे येतो, त्याच वाटेने इकडून तिकडे जातो.

आवाजाचंही तसंच आहे. एका जागी आवाज करणारी वस्तू आणि दुसऱ्या जागी कान ठेवा. मग दोघांच्या जागा बदला. कानाला पोहोचणारा आवाज तेवढाच राहतो. मध्ये कपाट असो, पडदा असो, भिंत वाकडी असो, फरक पडत नाही. हवेतल्या आवाजाबद्दल हा नियम हेल्महोल्ट्झ यांनी १८६० मध्ये मांडला होता. रॅले यांनी १८७३ मध्ये तो कितीतरी रुंद केला. हवा, तार, पडदा, सळई, कुठलीही कंप पावणारी रचना घ्या, तिच्यात घर्षणामुळे ऊर्जा कमी होत असली तरी हा अदलाबदलीचा नियम टिकतो, हे त्यांनी गणिताने दाखवलं.

सोफ्यावर सबवूफर आणि जमिनीवर रांगणारा मी, हा सगळा तमाशा या एका नियमावर उभा आहे. नाहीतर काय करावं लागलं असतं? दहा-बारा किलोचा खोका एका कोपऱ्यात ठेवा, सोफ्यावर येऊन बसा, ऐका, उठा, खोका दुसरीकडे न्या, परत बसा. दहा जागा तपासायला सुट्टीचा अख्खा दिवस गेला असता. जागा बदलल्या की खोका एकदाच उचलायचा, बाकीचं काम कान करतात.

हिरवळीवर डोळे मिटून

१८७६ च्या सुमाराची गोष्ट. टर्लिंगच्या वाड्यासमोरच्या हिरवळीवर रॅले डोळे मिटून उभे राहत आणि भोवती मदतनीस वेगवेगळ्या दिशांना थांबून आवाज करत. आवाज कुठून आला ते डोळे न उघडता ओळखायचं. माणसाच्या बोलण्याची दिशा लगेच कळायची. पण नादकाट्याचा शुद्ध सूर असला तर डावं-उजवं कळायचं आणि पुढचं-मागचं मात्र चुकायचं.

त्यांना खटकली ती वेगळीच गोष्ट. उंच सूर डोक्याला अडतात, म्हणून पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतात. त्यावरून दिशा कळते, हे ठीक. पण खालच्या सुरांच्या लहरी मोठ्या असतात, त्या डोक्याला वळसा घालून जातात. दोन्ही कानांना आवाज जवळजवळ सारखाच पोहोचतो. मग डावं-उजवं कळतं कसं? याचं समाधानकारक उत्तर त्यांना तेव्हा सापडलं नाही. त्यांनी प्रश्न तसाच ठेवला आणि पुढे गेले. हा प्रश्न लक्षात ठेवा, आपण परत येणार आहोत.

ओहम मोजणारा लॉर्ड

१८७९ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख जेम्स क्लार्क मॅक्सवेल वारले. त्यांची जागा रॅले यांना मिळाली. लॉर्ड असून त्यांनी पगारी प्राध्यापकी पत्करली, कारण शेतीत मंदी आली होती आणि इस्टेटीचं उत्पन्न घटलं होतं. पण काम त्यांनी मन लावून केलं. ओहम, अँपिअर, व्होल्ट या विजेच्या मापांची किंमत नक्की किती, यावर तेव्हा एकमत नव्हतं. ती मापं त्यांनी पुन्हा काटेकोरपणे ठरवली. या मोजमापात त्यांच्या मेहुणी एलेनॉर सिजविक बरोबरीने काम करत होत्या. १८८२ पासून या प्रयोगशाळेचे वर्ग स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने खुले झाले. तुमच्या स्पीकरच्या मागे ४ ओहम किंवा ८ ओहम लिहिलेलं असतं ना, त्या ओहमच्या मागे ही सगळी मेहनत आहे.

१८८४ मध्ये ते राजीनामा देऊन टर्लिंगला परतले. त्यांच्या जागी जे. जे. थॉमसन आले, ज्यांनी पुढे इलेक्ट्रॉन शोधला. आणि १८८५ मध्ये रॅले यांनी घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या एका खास लाटेचं गणित मांडलं. भूकंपात जमीन हलवणाऱ्या लाटांपैकी एक हीच, तिला रॅले लाट म्हणतात. शंभर वर्षांनी ही कल्पना भलत्याच कामाला आली. मोबाइलमध्ये हवा तो सिग्नल बाजूला काढायला पृष्ठभागावरच्या लाटा वापरणारे चिमुकले फिल्टर असतात, त्यांच्या मुळाशी हेच गणित आहे.

अर्ध्या टक्क्याचा फरक

आता त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. तिचा आवाजाशी संबंध नाही, पण माणूस कसा होता ते तिच्यातून कळतं.

रॅले वायूंची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन, आणि अमोनियापासून बनवलेला नायट्रोजन, दोन्हींचं वजन सारखं यायला हवं. येईना. फरक होता हजारात एक भाग. इतका फरक कुणीही मोजमापातली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी उलटं केलं. फरक लपवायच्या ऐवजी तो वाढवता येतो का ते बघितलं. आधीच्या पद्धतीत अमोनियाच्या नायट्रोजनमध्ये हवेतला नायट्रोजनही मिसळत होता. तो येणारच नाही अशी पद्धत वापरली, तर फरक वाढून सुमारे अर्धा टक्का झाला. म्हणजे चूक नव्हती, खरंच काहीतरी होतं.

१८९२ मध्ये त्यांनी नेचर या साप्ताहिकात पत्र लिहून मोकळेपणाने विचारलं की हा फरक का येतोय, कुणाला सुचतंय का. नावाजलेल्या शास्त्रज्ञाने आपलं कोडं असं चारचौघांत मांडायला धाडस लागतं. मग विल्यम रॅम्से हे रसायनशास्त्रज्ञ जोडीला आले. १८९४ मध्ये दोघांनी जाहीर केलं की हवेत एक नवा वायू आहे, जो कशाशीच संयोग पावत नाही. तो अरगॉन. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळपास एक टक्का अरगॉन असतो आणि तोपर्यंत तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बक्षिसाची रक्कम रॅले यांनी केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली.

धुक्यातला भोंगा

१८९६ पासून ते ट्रिनिटी हाउसचे वैज्ञानिक सल्लागार होते. इंग्लंडची दीपगृहं सांभाळणारी ही संस्था. धुकं पडलं की दीपगृहाचा दिवा दिसत नाही, मग जहाजांना भोंग्यावरच भरवसा ठेवावा लागतो. अडचण अशी की मोठ्या तोंडाचा भोंगा आवाज समोरच फेकतो, बाजूच्या जहाजाला तो नीट ऐकू येत नाही.

रॅले यांना माहीत होतं की आवाजाच्या लहरीपेक्षा तोंड लहान असेल तर आवाज सगळीकडे पसरतो, आणि मोठं असेल तर एकाच दिशेने जातो. म्हणून त्यांनी भोंग्याचं तोंड उभं लांबट आणि आडवं अरुंद करायला सुचवलं. म्हणजे आवाज आकाशात वाया जाणार नाही, पण समुद्रावर डावीकडे-उजवीकडे पसरेल.

हाच नियम सबवूफरला लावा. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या वर असते. तिच्यापुढे आठ-दहा इंचांचा स्पीकर म्हणजे ठिपकाच. म्हणून सबवूफरचा आवाज सगळीकडे सारखाच पसरतो. त्याचं तोंड सोफ्याकडे आहे की भिंतीकडे, याने फारसा फरक पडत नाही. तो कुठे ठेवलाय, याने पडतो.

तीस वर्षांनी मिळालेलं उत्तर

१९०५ ते १९०८ ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. एवढ्या मोठ्या पदावर, साठी उलटल्यावर, ते हिरवळीवरच्या त्या जुन्या प्रश्नाकडे परत आले. त्यांनी जवळजवळ सारखे, पण किंचित वेगळे असे दोन खालचे सूर घेतले आणि एकेक सूर एकेका कानाला दिला. दोन लहरींचा मेळ हळूहळू सरकत होता, कधी एक पुढे, कधी दुसरी. आणि ऐकणाऱ्याला आवाज उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे सरकताना जाणवला, जोर तोच असूनसुद्धा. उत्तर सापडलं. खालच्या सुरांना कान आवाजाचा जोर बघत नाहीत. लहर आधी कुठल्या कानाशी आली, हा बारीक फरक बघतात. १९०७ मध्ये हे छापून आलं. तुम्ही इअरफोन लावून गेम खेळता आणि पावलांचा आवाज डावीकडून आला हे कळतं, त्यामागे हेच शास्त्र आहे.

मग सबवूफरची दिशा आपल्याला का कळत नाही? कारण आवाज एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोहोचायला सेकंदाचा दीड हजारावा भाग पुरतो. ५० हर्ट्झच्या एका हेलकाव्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. म्हणजे कानांमधला फरक एका हेलकाव्याच्या तीन टक्के. मोकळ्या मैदानात तोही उपयोगी पडला असता. पण हॉलमध्ये एक हेलकावा पुरा होईपर्यंत आवाज सात मीटर धावतो, म्हणजे भिंतींना आपटून परतही येतो. सगळं मिसळून जातं. म्हणून सबवूफर टीव्हीजवळच हवा असं काही नाही. फक्त त्याला ८० हर्ट्झच्या आसपासचे आणि खालचेच सूर द्या. १२० च्या वर गेलात तर नटाचा आवाज कोपऱ्यातून यायला लागेल.

शेवटची वर्षं

१९०८ मध्ये रॅले केंब्रिज विद्यापीठाचे कुलपती झाले आणि शेवटपर्यंत त्या पदावर राहिले. पण काम सुरूच होतं. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटात भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या बाजूला का ऐकू येतं, हेही त्यांनीच उलगडलं. आवाज वाकड्या भिंतीला चिकटून कडेकडेने जातो, म्हणून. विजापूरच्या गोल घुमटात शाळेच्या सहलीला जाऊन आपण टाळ्या वाजवलेल्या असतात. तिथल्या आवाजाचा अभ्यास पुढे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सी. व्ही. रामन यांनी केला, तो रॅले यांच्याच कामाला पुढे नेत.

३० जून १९१९ रोजी टर्लिंगलाच, वयाच्या ७६ व्या वर्षी, रॅले यांचं निधन झालं. तिशीच्या आत ज्यांच्या जगण्याची खात्री नव्हती, त्यांनी त्यानंतर ४७ वर्षं काम केलं. त्यांचे संशोधन-लेख ४४६ भरतात. ते सहा खंडांत छापलेले आहेत.

आता तुमच्या हॉलमध्ये

एवढं वाचलंत, तर रविवारी करून बघाच.

१. सबवूफर नेहमी बसता त्या जागी ठेवा, शक्यतो सोफ्यावरच. वायर पुरेल ना ते आधी बघा.

२. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, फोन होम थिएटरला जोडा आणि ३० ते १०० हर्ट्झचे सूर हळूहळू चढवत वाजवा. आवाज मध्यमच ठेवा. ॲप नको असेल तर तबल्याचं किंवा ढोलकीचं ओळखीचं गाणं चालेल.

३. भिंतीच्या कडेने रांगा. सबवूफर जमिनीवर जिथे येईल, त्या उंचीवर कान हवेत. उभं राहून ऐकलंत तर अदलाबदलीचा नियम लागूच होणार नाही.

४. जिथे आवाज सगळ्यात मोठा, ती जागा घेऊ नका. जिथे सगळे सूर साधारण सारखे ऐकू येतात, ती घ्या. कोपऱ्यात बेस सगळ्यात जोरात येतो, कारण खोलीचे सगळेच सूर तिथे जागे होतात. म्हणूनच तिथे तो भोंग्यासारखा घुमण्याची शक्यताही सगळ्यात जास्त.

५. कुठेच एखादा सूर मिळत नसेल तर तुमचा सोफाच त्या सुराच्या शांत रेघेवर आहे. मग सबवूफर कुठेही न्या, फार उपयोग नाही. सोफा फूटभर पुढे-मागे सरकवा.

६. शेवटी सबवूफरच्या मागचं फेजचं बटण दोन्हीकडे करून बघा. ज्या बाजूला बेस भरीव येईल ती ठेवा.

आमच्याकडे जागा निघाली ती उजव्या भिंतीशी, पुस्तकांच्या कपाटाच्या अलीकडे. मी कधी विचारही केला नसता अशी. सोफा फूटभर मागे घेतला. सबवूफरचा आवाज आधीच्या निम्म्याहून कमी ठेवला, खाली जाड फोमचा तुकडा दिला आणि बाबांचं नाट्यगीत लावलं. पहिल्याच तिहाईला त्यांची मान डोलली. आईची भांडी गप्प होती.

मोठ्या सबवूफरचा ईएमआय वाचला. मग गाणं चालू ठेवूनच मी खाली काकांकडे जाऊन विचारून आलो. बाळ झोपलं होतं.